विश्लेषण : करकार्यालयांना टाळे, हेल्पलाइनवर प्रतीक्षा… ब्रिटनच्या करदात्याला उत्तर देणार कोण?

२०२२-२३ या एका आर्थिक वर्षात ब्रिटनमधील करदात्यांनी करखात्याच्या हेल्पलाइनवर नुसते ताटकळत घालवलेला वेळ एकत्र केला तर तो ७९८ वर्षे भरतो. हा हिशेब कुणा विरोधी पक्षाने केलेला नाही, तो तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने म्हणजे ‘नॅशनल ऑडिट ऑफिस’ने मे २०२४च्या अहवालात मांडला. २०१९-२० च्या तुलनेत ही प्रतीक्षा दुपटीहून अधिक होती. फोनवर इतकी गर्दी का झाली, याचे उत्तर शोधताना मागे, २०१४ पर्यंत जावे लागते. त्या वर्षी करखात्याने लोकांसाठी उघडी असलेली आपली सगळी चौकशी केंद्रे बंद केली होती. कारभार ‘ऑनलाइन’ नेण्याची घाई सगळ्याच सरकारांना आहे, आपल्यालाही आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये काय घडले आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारता आला, हे पाहण्यासारखे आहे.

नेमके काय बंद झाले?

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली गोष्ट चौकशी केंद्रांची. प्राप्तिकर पाहणारे ‘इनलँड रेव्हेन्यू’ आणि सीमाशुल्क, अबकारी व मूल्यवर्धित कर पाहणारे ‘कस्टम्स अँड एक्साइज’ या दोन जुन्या खात्यांचे विलीनीकरण होऊन २००५ मध्ये ‘एचएम रेव्हेन्यू अँड कस्टम्स’ (एचएमआरसी) हे खाते जन्माला आले. या खात्याची देशभरात २८१ चौकशी केंद्रे होती. कागदपत्रांची पिशवी घेऊन जायचे, खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायचे, अशी ही जागा. ३० जून २०१४ पर्यंत ती सर्व बंद झाली. खात्याचे म्हणणे असे की, २००५-०६ मध्ये ५० लाखांवर असलेल्या भेटी २०११-१२ पर्यंत २५ लाखांच्या आसपास आल्या. शिवाय केंद्रे बंद केल्याने वर्षाला १ कोटी ३० लाख पौंड वाचतील. ज्यांना खरोखर मदतीची गरज आहे अशांची संख्या खात्याने सुमारे १५ लाख धरली आणि त्यांच्यासाठी खास फोनसेवा व गरजेनुसार घरी किंवा जवळपास जाऊन भेटणारे कर्मचारी अशी पर्यायी व्यवस्था केली.

भेटी निम्म्यावर आल्या हे खरे. पण यातील अनेक केंद्रे त्याआधीच आठवड्यातले मोजकेच दिवस उघडी राहत होती, हेही खरे. दुकान अर्धवेळ उघडायचे आणि गिऱ्हाईक कमी झाले म्हणून ते बंद करायचे, हा युक्तिवाद आपल्याकडच्या एसटी फेऱ्यांच्या बाबतीतही ओळखीचा वाटेल.

दुसरी गोष्ट कार्यालयांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये खात्याने जाहीर केले की, देशभर विखुरलेली १७० कार्यालये पुढील १० वर्षांत बंद करून १३ मोठी प्रादेशिक केंद्रे उभारली जातील. बेलफास्ट, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, कार्डिफ, क्रॉयडन, एडिंबरा, ग्लासगो, लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूकॅसल, नॉटिंगहॅम आणि पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड अशी ही यादी होती. यादीतली गावे नकाशावर मांडली की चित्र स्पष्ट होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलला सर्वात जवळचे केंद्र ब्रिस्टल. पेन्झन्सहून ते सुमारे ३०० किलोमीटरवर. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील इन्व्हर्नेसहून एडिंबरा अडीचशे किलोमीटर. त्यातही या १३ केंद्रांमध्ये सामान्य करदात्याने सरळ आत जाऊन प्रश्न विचारावा अशी सोय नाहीच. ती कर्मचाऱ्यांनी बसून काम करण्याची ठिकाणे आहेत.

पैसे खरेच वाचले का?

खात्याच्या ताळेबंदात काही वाचले. ताळेबंदाबाहेर काय झाले, ते लेखापरीक्षकांनी दाखवून दिले.

२०१०-११ मध्ये खात्याकडे करदात्यांना सेवा देणारे सुमारे २६ हजार कर्मचारी होते. २०१४-१५ पर्यंत ते १५ हजारांवर आले. ऑनलाइन सेवा सुरू होतील, फोन कमी येतील आणि मग माणसे कमी लागतील, असे गणित होते. माणसे ठरल्याप्रमाणे कमी झाली, फोन काही त्या प्रमाणात घटले नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये कागदी विवरणपत्रे भरण्याच्या मुदतीच्या आठवड्यात फोन उचलला जायला सरासरी ४७ मिनिटे लागत होती. फोनसेवेवर खात्याने वाचवलेल्या प्रत्येक १ पौंडामागे करदात्यांवर वेळ आणि फोनच्या बिलापोटी ४ पौंडांचा भार पडला, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१६च्या अहवालात दिला.

हा एक-ला-चार आकडा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. सरकारी खर्चात दिसणारी बचत ही प्रत्यक्षात खर्चाची बदली होती. खात्याच्या वहीतून तो निघाला आणि करदात्याच्या माथी गेला. करदात्याच्या वेळेला कोणत्याही अर्थसंकल्पात रकाना नसतो, त्यामुळे तो खर्च झाला हे कुठे नोंदलेच जात नाही. लेखापरीक्षकांनी तो मुद्दाम मोजला म्हणून दिसला.

प्रादेशिक केंद्रांचीही तीच गत. जानेवारी २०१७च्या अहवालात लेखापरीक्षकांनी २०१५चा मूळ आराखडा अवास्तव ठरवला. पुढील १० वर्षांत इमारतींवर होणाऱ्या खर्चाचा अंदाज तोवरच्या १४ महिन्यांतच सुमारे ६० कोटी पौंडांनी, म्हणजे २२ टक्क्यांनी वाढला होता. त्यात ही केंद्रे मोठ्या शहरांत, मोक्याच्या जागी आणि २०-२५ वर्षांच्या भाडेकरारांनी घेतलेली. पुढे तीन वर्षांनी करोना आला आणि निम्मे कर्मचारी घरून काम करू शकतात हे कळले. पण भाडेकरार व्हायचे ते होऊन गेले होते.

करखात्याच्याच इमारती करचुकव्यांच्या बेटावर?

हा थोडा आडवळणाचा विषय, पण कार्यालये बंद करण्याचा मुहूर्त २०१५ मध्येच का निघाला हे त्याशिवाय कळत नाही. २००१ मध्ये, तेव्हा वेगळ्या असलेल्या दोन्ही करखात्यांनी आपल्या सुमारे ६०० इमारतींची मालकी किंवा भाडेहक्क ‘मेपली’ नावाच्या खासगी कंपनीला २२ कोटी पौंडांना दिले आणि त्याच इमारती २० वर्षांच्या कराराने भाड्याने घेतल्या. इमारतींची देखभालही कंपनीच करणार होती. करार झाल्यावर पुढच्या वर्षी उघड झाले की, मालमत्ता ज्या कंपनीच्या नावावर गेली ती बर्म्युडात नोंदलेली आहे. करचुकवेगिरीविरुद्ध लढणाऱ्या खात्याच्या इमारती करमुक्त बेटावरच्या कंपनीच्या मालकीच्या! यावर संसदेत आणि वृत्तपत्रांत व्हायची ती नाचक्की झाली. पण करार कायम राहिला आणि त्याची मुदत २०२१ मध्ये संपणार होती. २०१५ मध्ये १३ केंद्रांची आखणी करताना ही तारीख समोर होती. कुठल्या गावात कार्यालय ठेवायचे हा प्रश्न करदात्याला काय हवे यापेक्षा भाडेकरार कधी संपतो यावर बराचसा ठरला, असे म्हणायला जागा आहे.

मार्च २०२४ मध्ये निर्णय एका दिवसात का फिरला?

१९ मार्च २०२४ रोजी खात्याने घोषणा केली की, स्वतः विवरणपत्र भरणाऱ्या करदात्यांची हेल्पलाइन दरवर्षी ८ एप्रिल ते ३० सप्टेंबर बंद राहील. मूल्यवर्धित कराची हेल्पलाइन महिन्यातून फक्त ५ दिवस, मुदत जवळ आल्यावर सुरू असेल. बाकीच्यांनी संकेतस्थळ, अॅप आणि चॅटचा वापर करावा.

दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, हा निर्णय स्थगित झाला. तत्कालीन अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी हस्तक्षेप केला. खात्याचे तेव्हाचे प्रमुख जिम हॅरा यांनी बदलाचा वेग लोकांच्या तयारीशी जुळणारा हवा, अशा अर्थाचे निवेदन काढले. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, सत्ताधारी हुजूर पक्षाच्या खासदारांनीच ओरड केली होती आणि वयोवृद्ध पेन्शनर हा त्या पक्षाचा हक्काचा मतदार. ब्रिटनमध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठलेली आहे. पेन्शन मात्र दरवर्षी वाढते. त्यामुळे आयुष्यात कधी करखात्याशी संबंध न आलेले हजारो वृद्ध नव्याने कराच्या कक्षेत येत होते आणि फोन हाच त्यांचा आधार होता. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने हेल्पलाइनसाठी ५ कोटी १० लाख पौंड जादा दिले.

२८१ चौकशी केंद्रे बंद होताना असे काही झाले नाही. केंद्रे एकेका गावातली होती, गावागणिक थोडी कुरबुर झाली, कर्मचारी संघटनांनी निदर्शने केली आणि विषय संपला. हेल्पलाइन एकाच वेळी सगळ्या देशाची बंद होणार होती, म्हणून आवाज एकाच वेळी उठला. सरकारने उत्तर दिले ते व्यवस्थेने भाग पाडले म्हणून नाही, गलका झाला म्हणून.

मग कायद्याने जबाबदारी कुणाची?

एचएमआरसी हे ‘बिगर-मंत्री’ खाते आहे. म्हणजे रोजचा कारभार आयुक्त चालवतात, मंत्री नाही. यामागचा हेतू चांगला आणि जुना आहे. कुणाच्या करप्रकरणात राजकारण्याने हात घालू नये, विरोधकाची फाइल उघडू नये किंवा मित्राची मिटवू नये. भारतात हे संरक्षण किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको. करदात्याची माहिती उघड करण्यासही २००५च्या कायद्याने बंदी आहे.

पण एखाद्या व्यक्तीचे करप्रकरण आणि देशात किती खिडक्या उघड्या ठेवायच्या हा निर्णय, या दोन गोष्टी एकाच पडद्याआड गेल्या. खासदाराने मतदारसंघातले कार्यालय का बंद झाले असे विचारले की मंत्री म्हणत, हा खात्याचा कार्यवाहीविषयक निर्णय आहे. खाते म्हणे, सरकारने दिलेल्या निधीत बसवायचे तर हेच करावे लागेल. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि प्रश्न विचारणारा मधल्या मध्ये उभा होता.

संसदेची लोकलेखा समिती खात्याच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारते आणि ते ती कसून करते. जानेवारी २०२५ मध्ये तिने दाखवून दिले की, २०२३-२४च्या पहिल्या ११ महिन्यांत जवळपास ४४ हजार जणांचे फोन ७० मिनिटे ताटकळल्यानंतर आपोआप तोडले गेले. लोकांना ऑनलाइनकडे ढकलण्यासाठी फोनसेवा जाणूनबुजून खालावली का, असा संशयही समितीने व्यक्त केला. खात्याने तो साफ नाकारला. मात्र समितीचे काम घटना घडून गेल्यावरचे. तोवर कार्यालय बंद झालेले असते, जागा दुसऱ्याला गेलेली असते आणि वीस वर्षे तिथे बसणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

लेबर पक्षाच्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये एक वेगळा मार्ग धरला. अर्थखात्यातील कनिष्ठ मंत्री जेम्स मरे यांनाच खात्याच्या मंडळाचे अध्यक्ष केले. आता किमान ‘हा आमचा विषय नाही’ असे मंत्र्याला म्हणता येणार नाही. वैयक्तिक करप्रकरणांपासून त्या मंत्र्याला दूर ठेवणारी भिंत पुढेही टिकेल का, हा मात्र यातला धोका आहे, आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही.

जवळ कार्यालय नसल्याने करवसुलीवर परिणाम होतो?

खात्याच्या स्वतःच्या अंदाजानुसार २०२३-२४ मध्ये ब्रिटनमध्ये देय असूनही न मिळालेला कर ४,६८० कोटी पौंड, म्हणजे एकूण अपेक्षित कराच्या ५.३ टक्के होता. त्यातील ६० टक्के वाटा छोट्या व्यवसायांचा होता. बड्या कंपन्यांवर करखात्याचे विशेष पथक नजर ठेवून असते आणि पगारदारांचा कर मालकाकडेच कापला जातो. गळती आहे ती गल्लीतल्या दुकानात, बांधकामाच्या ठेक्यात, रोखीच्या व्यवहारात. तिथे संगणकाइतकीच गावाची माहितीही लागते. कुठली खाणावळ रात्री भरलेली असते आणि कागदावर तोट्यात दिसते, हे त्याच गावातल्या अधिकाऱ्याला दिसते. कार्यालये बंद झाल्यामुळेच ही गळती वाढली, असे आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. पण ज्या थरात गळती सर्वाधिक, त्याच थराशी असलेला प्रत्यक्ष संबंध खात्याने आधी तोडला, एवढे नक्की.

२०२५चे एक उदाहरण याहून बोलके आहे. मुलांसाठीचा सरकारी भत्ता ब्रिटनमध्ये करखातेच देते. देश सोडून गेलेले लोक भत्ता घेतात का, हे तपासण्यासाठी खात्याने गृहखात्याकडील विमानप्रवासाच्या नोंदी वापरल्या आणि सुमारे २३,५०० कुटुंबांचा भत्ता थांबवला. पुष्कळांच्या बाबतीत नोंदीत जाण्याचा प्रवास होता, परतण्याचा नव्हता. सर्वात आधी बोंब उठली ती उत्तर आयर्लंडमधून. कारण तिथले असंख्य लोक बेलफास्टहून सुट्टीवर जातात आणि शेजारच्या देशातील डब्लिन विमानतळावर उतरून रस्त्याने घरी येतात. सीमेवर तपासणी नसल्याने परतल्याची नोंद ब्रिटनकडे होतच नाही. त्या भागात राहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असते. सीमेलगतच्या न्यूरी आणि एनिस्किलन येथील कार्यालये बंद करून सारे काम बेलफास्टला नेण्याचे २०१५च्या आराखड्यातच ठरले होते. खात्याने नंतर माफी मागितली, प्रकरणे पुन्हा तपासली.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे प्राप्तिकर कार्यालयांना टाळे लागलेले नाही. पण ऑगस्ट २०२० पासून करनिर्धारण ‘चेहराविरहित’ झाले. पुण्यातल्या करदात्याची फाइल देशातील कुठल्याही शहरातला अधिकारी तपासू शकतो आणि तो कोण हे करदात्याला कळत नाही. अधिकारी आणि करदाता यांच्या भेटीत जे ‘व्यवहार’ होत, ते थांबवणे हा यामागचा उद्देश होता. तो योग्यच होता आणि ब्रिटनमधल्या काटकसरीशी त्याची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

तरी काही प्रश्न तेच आहेत. सुरुवातीला सुनावणी न देताच आदेश निघू लागले. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर असे आदेश रद्द केले. अखेर २०२२च्या वित्त कायद्याने करदात्याने मागितल्यास व्हिडीओद्वारे सुनावणी देणे आवश्यक झाले. म्हणजे इथेही दुरुस्ती झाली, पण ज्यांना वकील करून उच्च न्यायालयात जाणे परवडले त्यांच्या जिवावर.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. प्राप्तिकराच्या तक्रारींसाठी आपल्याकडे लोकपाल होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती पदेच रद्द केली. कारण दिले ते असे की, नव्या तक्रारी एक आकडी संख्येवर आल्या आहेत आणि ऑनलाइन तक्रारीची सोय आता उपलब्ध आहे. ब्रिटनमधल्या चौकशी केंद्रांबाबत दिलेले कारण पुन्हा वाचून पाहावे. २०२० मध्ये ‘करदात्यांची सनद’ आली, तिला कायद्यात स्थानही मिळाले. पण सनदेतील वचन मोडले तर करदात्याने खात्याबाहेरच्या कुणाकडे जायचे, हे त्यात नाही. ब्रिटनमध्ये ‘अॅडज्युडिकेटर’ आणि त्यावर संसदेचा लोकपाल, अशा दोन पायऱ्या अजून शिल्लक आहेत.

तिथे पुढे काय?

जुलै २०२५च्या आराखड्यात खात्याने २०२९-३० पर्यंत करदात्यांशी होणारा ९० टक्के संपर्क डिजिटल करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. कागदी पत्रेही बहुतांशी बंद होतील. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे लागू आहे. पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने दिलेली सदनिका असेल तर ते भाडे तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, दोन्ही देशांची करवर्षे वेगळी, एकीकडे ३१ मार्चला तर दुसरीकडे ५ एप्रिलला संपणारी, आणि ३१ जानेवारीची मुदत चुकली की १०० पौंडांचा दंड. दोन देशांतल्या कराची सांगड घालण्याचा असा प्रश्न चॅटबॉटला विचारून पाहिलेल्यांना फोन का हवा असतो ते समजेल.

एप्रिल २०२६ पासून व्यवसाय व घरभाड्यातून ५० हजार पौंडांहून अधिक ढोबळ उत्पन्न असणाऱ्यांना दर तिमाहीला मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमधून हिशेब पाठवणे बंधनकारक होते. २०२७ मध्ये ही मर्यादा ३० हजारांवर आणि २०२८ मध्ये २० हजारांवर येईल. वर्षातून एकदा हिशेब देणारे रंगारी, टॅक्सीचालक, शिकवणी घेणारे शिक्षक आता वर्षातून चारदा देतील. पहिल्या तिमाहीची मुदत ७ ऑगस्ट आहे. हेल्पलाइनवर किती माणसे बसवायची, हे खात्याला त्याआधी ठरवावे लागेल.